एकट्याने ज्वारी पेरता येत नाही



गेल्या उन्हाळ्यात आमच्या जऊळक्यात एक बैठक झाली. शहरातून आलेल्या एका पाहुण्यांनी आम्हाला मातीवर व्याख्यान दिले. काळ्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब कसा घसरला, गांडुळे कशी गेली, पाऊस पडला तरी पाणी मुरत का नाही, हे सगळे त्यांनी नीट समजावून सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. शेवटी मात्र ते म्हणाले, "तुमच्या आजोबांनी ही काळी आई जपली आणि तुम्ही तिला विष पाजले."

बैठकीत कोणी बोलेना. मग मागे भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारबुवा उठले. म्हणाले, "साहेब, माती खराब झाली हे खरं हाये. शेणखत नाही म्हून झाली. शेणखत नाही, कारन ढोर नाही. ढोर नाही, कारन कडबा नाही. कडबा नाही, कारन जवारी नाही. आता मी उद्या एकट्यानं जवारी पेरली, त गावभऱ्याचे पाखरं कोनाच्या वावरात पडतीन?"

पाहुण्यांकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आमच्याकडेही नव्हते. पण तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून जिल्हा बैठकीच्या या अंकात तो सगळ्यांपुढे ठेवत आहोत.

पर्यावरणावर बोलणारी मंडळी साधारण दोन तऱ्हेची असतात. एक म्हणतात, शेतकरी निसर्गाच्या हातचे बाहुले. पाऊस आला तर जगला, नाही तर मेला. दुसरे म्हणतात, शेतकरी हाच निसर्गाचा वैरी. जंगल त्याने तोडले, पाणी त्याने उपसले, माती त्याने नासवली. दोघांचाही हिशोब एकाच जागी चुकतो. वावर एका बाजूला आणि वावराचा धनी दुसऱ्या बाजूला, असे धरून ते चालतात. आपण रोज वावरात जाणारी माणसे. आपल्याला माहीत आहे की वखर जसा जमिनीला घासतो तशी जमीनही वखराच्या पासेला घासते. दोन पावसाळ्यांनंतर पासही पहिली राहत नाही आणि जमीनही.

आपल्या भागाचेच पाहा. वाशिमचे हे पठार ज्वालामुखीच्या दगडाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतले गेले, त्या काळ्या खडकाची झीज होऊन ही माती झाली. इथवर निसर्गाचे काम. पण खडकाच्या मातीला वावर म्हणत नाहीत. दगड वेचून धुरे घातले, पाण्याला वाट करून दिली, बरडावरची माती खोलगट जागी अडवली, पिढ्यान्‌पिढ्या शेणखत टाकले, तेव्हा त्याचे वावर झाले. या पठारावर पडलेल्या पावसाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा ते पाणी उत्तरेला अकोल्याकडे नेते, पुढे पूर्णेतून तापीत आणि पश्चिमेच्या समुद्रात. दक्षिणेचे पाणी पैनगंगेने गोदावरीच्या वाटेला जाते, थेट पूर्वेच्या समुद्रात. म्हणजे आपण पाणलोटाच्या आढ्यावर बसलेली माणसे. वरून दुसऱ्याचे पाणी आपल्याकडे येत नाही. जे आभाळातून पडेल ते आपल्या मातीने धरून ठेवले तर आपले, नाही तर महानच्या धरणाचे. (महानच्या पाण्यावर आमचा राग नाही. अकोलेकरांनाही प्यायला लागते.) म्हणून आपल्याकडे माती किती पाणी धरते हा पुस्तकातला प्रश्न नाही, हरभऱ्याला ओल उरेल की नाही याचा प्रश्न आहे.

ज्वारी ही काही इथली नव्हे. ती आफ्रिकेतून आली, हजारो वर्षांपूर्वी. इथे आल्यावर तिला इथली कोणी केली? खळ्यावर बसून चांगली कणसे बाजूला काढणाऱ्या आपल्या आज्यांनी. भरघोस कणीस कोणते, पावसात काळे न पडणारे कोणते, ज्याचा कडबा बैल चवीने खातात ते कोणते, हे पाहून बियाण्याची कणसे घरात आढ्याला टांगली जायची. ते गावरान वाण पाऊस संपता संपता, दिवस लहान होऊ लागले की निसवायचे. त्यामुळे दाणा पावसात सापडत नसे. उंची माणसाच्या डोक्यावरून जायची. आणि त्या ज्वारीने आपल्याला काय केले? भाकरीवर पोसले, हे एक. पण घरात गोठा किती मोठा असावा, बैलजोडी कोणाला झेपेल, सालदाराला काय द्यायचे, वासरू विकायचे की ठेवायचे, हे सगळे कडब्याच्या गंजीवर ठरायचे. पोरीची सोयरीक जुळवायला गेलेला बाप आधी दाराशी बांधलेली जोडी आणि मागची गंजी बघायचा. ज्वारी आम्ही घडवली आणि घरदार ज्वारीने.

कापसाचे तसे नाही. कापसाच्या गोष्टीत तिसरा एक जण आहे आणि तो या शिवाराबाहेर बसतो.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना आणि इंग्रज गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव चढले. रेल्वे १८६७ ला नागपूरपर्यंत पोचली. १८७० ला तर केवळ कापसासाठी खामगावला वेगळा फाटा काढला. आपल्या पठारावरचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून अकोल्याकडे जाऊ लागला. गवताची राने नांगराखाली आली, झुडपी जंगल गिरणीच्या आणि इंजिनाच्या पोटात गेले. १८६५ ला तिकडचे युद्ध संपले तसे भाव कोसळले, पण मोडलेले गवताचे रान परत गवताचे झाले नाही. भाव उतरतो, वावर मात्र मागे फिरत नाही. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ आले. कापूस खाता येत नाही. पेवात ज्वारी कमी, रानात गवत नाही, म्हणून आधी ढोरे मेली, मग माणसे. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडात सुमारे २९ लाख माणसे होती. १९०१ ला साडेसत्तावीस लाख भरली. दहा वर्षांत वाढायची ती दीड लाखाच्या आसपास घटली. याला नैसर्गिक आपत्ती म्हणायचे?

तेव्हा पाहुणे म्हणाले ते आजोबांनी जमीन जपल्याचे चित्र आम्हाला फारसे पटत नाही. आजोबांनीही भाव दिसला तिकडे नांगर वळवला. त्यात त्यांचे काही चुकले असेही आम्ही म्हणणार नाही. पोट कोणाला नाही?

आमच्या गावाच्या नावाला तर ही गोष्ट कायमची चिकटली आहे. लोक जऊळका रेल्वे म्हणतात. गाव आधीचे, रूळ नंतरचे, पण ओळख रुळाची. २००८ ला मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले, तरी नाव तेच.

आता आपल्या डोळ्यांदेखतची पन्नास-साठ वर्षे. १९६४ ला संकरित ज्वारी सीएसएच-१ आली. मागून तिच्या बहिणी आल्या. बुटकी, लवकर येणारी, दाणा भरपूर. सरकारला दाणा हवा होता. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो खाल्लेल्या माणसांना तर हवाच होता. पण लवकर निसवते म्हणजे पावसात निसवते. दाणा काळा पडू लागला, काळ्या ज्वारीला व्यापारी भाव देईना. बुटकी म्हणजे कडबा कमी. वर लेव्हीच्या काळात सरकार म्हणेल त्या भावाने घालायची, ते वेगळेच. त्यात रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त होत गेला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो केला. जानेवारी २०२३ पासून तर तो फुकटच. गरिबाच्या घरी धान्य गेले यात आम्हाला आनंदच आहे. पण ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरातच भाकरीची जागा पोळीने आणि भाताने घेतली. पोरांना आता भाकर थापता येत नाही, आणि पुष्कळांना ती चावतही नाही. शहरातले डॉक्टर मात्र साखरेच्या रोग्यांना ज्वारी खा म्हणून सांगतात, २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. ज्यांनी ज्वारी सोडली नव्हती त्यांच्या वावरात ते वर्ष आलेले आम्ही पाहिले नाही.

ज्वारी गेली तिथे सोयाबीन आले. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. शंभर दिवसांत माल हातात, दिवाळीला पैसा, त्याच ओलीवर हरभरा. कोरडवाहूला असे दुसरे काय होते? वेचणीला माणसे शोधायला नकोत. म्हणून वाशिम जिल्हा बघता बघता सोयाबीनचा झाला. पण सोयाबीनच्या कुटारावर बैलजोडी वर्षभर उभी राहत नाही. जोडी विकली, मग ट्रॅक्टर भाड्याने आला. ट्रॅक्टर ओल्या जमिनीवर फिरला की खाली तळ घट्ट होतो, पाणी आत जात नाही. शेणखत संपले, मग पोत्यातले खत वाढले. डवऱ्याला जोडी नाही, निंदायला मजूर नाही, मग तणनाशक. यातली एकेक पायरी ज्याने चढली त्याचे त्या दिवशीचे गणित बरोबरच होते. कोणी मूर्ख नव्हता. पण सगळ्यांची बरोबर गणिते एकत्र केली तर उत्तर काय आले, ते पाहुण्यांनी मातीच्या नमुन्यात दाखवले. आणि एकच पीक एवढ्या मुलखावर पसरल्यावर पांढऱ्या माशीलाही मुलूख मोकळा झाला. २०२३ ला पिवळ्या मोझॅकने काय केले ते सांगायला नको. भाव म्हणाल तर २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली.

कापसातही हेच चक्र, फक्त जास्त वेगाने. आपला देशी कापूस खोल सोटमुळाचा. काळ्या जमिनीत खालची ओल शोधत जायचा, रसशोषक किडींना सहसा दाद द्यायचा नाही. धागा आखूड, म्हणून गिरण्यांना नको. मग अमेरिकन वाण, १९७० ला जगातला पहिला संकरित कापूस एच-४ गुजरातेत निघाला, मग आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे संकर. बोंडे मोठी, पैसा जास्त, अळीही जास्त. ऐंशीच्या दशकात पायरेथ्रॉइड औषधे आली, पहिल्या वर्षी अळ्या झाडावरून टपाटप पडल्या. नव्वदच्या दशकात त्याच औषधाने भिजूनही हिरवी बोंडअळी बोंड खातच राहिली. आम्ही अळी मारत होतो असे आम्हाला वाटत होते. खरे तर आम्ही अळीची निवड करत होतो, आजी कणसाची करायची तशी. औषधाने मरणाऱ्या मेल्या, न मरणाऱ्यांचे बी उरले.

२००२ ला बीटी आले. पहिली वर्षे चांगली गेली, फवारे कमी झाले, पीक वाढले. हे नाकबूल करणारा त्या वर्षांत वावरात नव्हता. पिशवीसोबत बिगर बीटी बियाण्याची छोटी पुडी यायची. भोवतीने पाच तास लावा, म्हणजे काही अळ्या तिथे वाढतील आणि विषाला सरावलेल्या अळ्यांची जात पक्की होणार नाही, असा तिचा हेतू. किती जणांनी ती पुडी पेरली? आम्ही नाही पेरली. अळीला पोसण्यासाठी चार तास सोडायचे हे आमच्या हिशोबात बसले नाही, आणि आम्हाला कोणी नीट समजावूनही सांगितले नाही. मग फरदडीचा लोभ. डिसेंबरात उलंगवाडी करायची तर एक पाणी देऊन मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली. गुलाबी बोंडअळीला बाराही महिने जेवण मिळाले. २०१७ ला विदर्भात ती जी उठली, ती बीटीचे दोन्ही जीन पचवून उठली. त्याच वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली. अळी बदलली तसे माणसाने औषध बदलले, आणि औषधाने माणूसच नेला.

अमेरिकेत अलाबामा राज्यात एंटरप्राइज नावाचे गाव आहे. तिथे बोंडे पोखरणाऱ्या सोंड्या किड्याने कापूस साफ बुडवला, शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि त्यांचे बरे झाले. १९१९ ला गावाने भर चौकात स्मारक उभारले ते त्या किड्याच्या उपकाराचे. आम्हाला गुलाबी अळीचा पुतळा उभारण्याची हौस नाही, पण एक विचारावेसे वाटते. त्यांना भुईमुगात दोन पैसे दिसले, म्हणून ते वळू शकले. आपल्याला वळायला जागा कुठे ठेवली आहे? माल सीमेपलीकडे नेता येत नव्हता अशी १९७२ पासूनची तीस वर्षे कापसात काढलेली ही माणसे आहेत.

म्हणून म्हातारबुवांचा प्रश्न परत घेऊ. समजा कोणी उद्या ठरवले की दोन एकर ज्वारी लावायची. चहूकडे सोयाबीन आणि तूर. दाणा दुधात आला की चार शिवारांची पाखरे त्या दोन एकरांत उतरणार. पूर्वी गावभर ज्वारी असायची तेव्हा पाखरे हजार एकरांवर वाटली जायची; प्रत्येकाच्या वाट्याला चार कणसे. गोफण घेऊन माळ्यावर बसायला घरात पोरे असायची, ती आता शाळेत आहेत, आणि असायलाच हवीत. मग रोही आणि रानडुक्कर. त्यांचे जुने रान आपण आणि सरकारने मिळून संपवले, पण उरलेली जनावरे आता बारा महिने हिरव्या पिकात सुखाने राहतात. त्यांना हात लावायला कायदा आडवा येतो. त्यामुळे आज ज्वारीचा एकुलता पट्टा म्हणजे आमंत्रणच. ज्वारी सोडणाऱ्या प्रत्येकाने, स्वतःला कळले नाही तरी, शेजाऱ्याची ज्वारी थोडी महाग केली. शेवटच्या शेतकऱ्याला ती परवडेनाशी झाली. फरदडीचेही तेच. माझ्या उभ्या पऱ्हाटीतला पतंग पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या फुलात अंडी घालतो. धुरा माणसाला आडवतो, पतंगाला नाही.

यातून 'परत जुने करा' असे आम्ही म्हणत नाही. गावरान बियाणे आणून देवासारखे पुजायचे, हा शहरातल्या हौशी मंडळींचा धंदा. सालदाराला खाऊन-पिऊन राबवणारी ती जुनी शेती कोणाच्या पाठीवर चालायची तेही आम्ही विसरलो नाही. बाया पहाटे चारला उठून जाते ओढायच्या. त्या काळात परत जायला आमच्या घरच्या बायाच तयार होणार नाहीत.

आमची सूचना साधी आहे आणि ती जिल्हा बैठकीत चर्चेला यावी. ज्या गावात आठ-दहा जण तयार होतील तिथे त्यांनी मृगाआधी एकत्र बसून सलग पंचवीस-तीस एकरांचा एकच पट्टा धरावा. सुटे तुकडे नकोत. त्या पट्ट्यात ज्वारी, मधल्या तासांत तूर, मूग. पेरणी एका आठवड्यात, म्हणजे निसवण एकदमच येईल आणि पाखरांचे नुकसान वाटले जाईल. राखण वर्गणीने. वाण उंच आणि मध्यम मुदतीचा, कारण आपल्याला दाण्याइतकाच कडबा हवा. कडब्याची वाटणी आधी ठरावी. ज्याच्याकडे जोडी उरली आहे त्याने त्या बदल्यात पट्ट्यात डवरणी करावी, शेणखत त्याच पट्ट्यात पडावे. आणि कपाशीवाल्यांनी डिसेंबरअखेर उलंगवाडी करण्याचा ठराव गावाने करावा. एकाने मोडला तर बाकीच्यांचे पाळणे फुकट.

यात धोका आहे. एखाद्या वर्षी ज्वारी काळी पडेल, एखाद्या वर्षी भाव पडेल. तो तोटा एकट्या शेतकऱ्याने मातीच्या प्रेमाखातर सोसावा असे म्हणणे लबाडीचे आहे. कर्ब वाढवा म्हणून सांगायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण दोन प्रश्न विचारायचे. ज्वारीच्या खरेदीचे केंद्र सोंगणीआधी उघडणार की नंतर? रोह्याने खाल्लेल्या पिकाची भरपाई किती आणि कधी? उत्तर नसेल तर मातीवरचे व्याख्यान आम्ही ऐकू, पण जबाबदारी घेणार नाही.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे मोजून आणावेत. गावात आज किती बैलजोड्या उरल्या, गेल्या हंगामात ज्वारी किती एकर होती, आणि कोणाची वावरे एकमेकांना लागून आहेत. जऊळक्यात आम्ही मोजायला सुरुवात केली आहे. म्हातारबुवांनी पहिले नाव घातले, पण दोन्ही बाजूंचे शेजारी हो म्हणेपर्यंत ते पेन्सिलीनेच लिहा, असे बजावले आहे.